खानदेशच्या वर्गांत जर्मनी

जळगांव किंवा धुळें येथील एखाद्या माध्यमिक शाळेंत दहावीच्या मुलांस जर्मनीविषयीं प्रश्न केला, तर बहुधा पहिलें नांव हिटलरचें निघतें. मग कोणी मोटारींचें नांव घेतो, कोणी फुटबॉलच्या संघाचें. परंतु त्याच मुलांच्या दप्तरांत जर्मनीचें दुसरेंहि एक चित्र असूं शकतें. महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या इतिहासाचें जें पुस्तक २०१८ सालीं प्रसिद्ध झालें, त्याचा पहिलाच पाठ पाश्चात्त्य इतिहासलेखनाचा होता. त्यांत हेगेल, रांके आणि कार्ल मार्क्स हे जर्मन विचारवंत भेटतात. पुढचाच पाठ भारतीय परंपरेचा, आणि त्यांत इतिहासाचार्य राजवाडे येतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववीस २००६ सालचें जें पुस्तक आलें, त्यांत नाझी राजवटीवर एक संपूर्ण प्रकरण होतें. म्हणजे एका पुस्तकांत जर्मनी विद्येचें माहेरघर, तर दुसऱ्यांत क्रौर्याची परिसीमा! ह्या दोन चित्रांची गांठ मात्र वर्गांत क्वचितच घातली जाते.

जर्मन समाज शिकवावयाचा म्हणजे ही गांठच शिकवावयाची. ज्या समाजानें कांट आणि गटे दिले, त्याच समाजानें बारा वर्षें हिटलरचें राज्य कसें चालविलें, आणि त्यानंतर तोच समाज पुन्हां माणसांत कसा आला, हा एकच अखंड प्रश्न आहे. तो समजावून देण्यासाठीं खानदेशच्या शिक्षकाला फार दूर जाण्याचें कारण नाहीं. अमळनेर, धुळें आणि फैजपूर हीं तीन गांवें त्याच्या हाताशीं आहेत. आणि ह्या तिन्ही गांवांत जर्मनीचा संबंध निरनिराळ्या रूपानें आलेला आहे.

प्रथम अमळनेर. बोरी नदीच्या कांठच्या ह्या गिरणीच्या गांवीं श्रीमंत प्रताप शेट ह्यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास करावा व त्याची पाश्चात्त्य विचारांशीं तुलना करावी, हा त्या संस्थेचा हेतु. आतां अद्वैताची तुलना करावयाची तर ती कोणाशीं, असा प्रश्न उभा राहिला म्हणजे पहिलें नांव कांटचें येतें. आपणांस दिसणारें जग आणि वस्तूचें मूळ स्वरूप ह्यांत त्यानें जो भेद केला, तो वेदान्ताच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटल्यावांचून राहत नाहीं. घनश्यामदास मलकानी हे संस्थेचे दीर्घकाळ चालक होते. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ति अशीं पुढें अखिल भारतांत गाजलेलीं माणसें येथें कांहीं वर्षें राहून गेलीं. भट्टाचार्यांचा आत्मा आणि स्वातंत्र्य ह्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९३० सालीं अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या पानापानांतून कांटशीं वाद चाललेला आहे. दास ह्यांनीं पुढें कांटच्या मुख्य ग्रंथावर विद्यार्थ्यांसाठीं मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. मूर्तींनीं नागार्जुन आणि कांट ह्यांची तुलना मांडली. ज्या काळीं तालुक्याच्या गांवीं वीज हेंहि नवल होतें, त्या काळीं खानदेशांत कोनिग्जबर्गच्या ह्या पंडिताचा असा ऊहापोह चालला होता.

ह्या वादाचें विशेष हें कीं, तो बरोबरीच्या नात्यानें चालला होता. तेथील विद्वानांनीं कांटला गुरु केलें नाहीं आणि म्लेंच्छ म्हणून टाकलेंहि नाहीं. जेथें त्याचें पटलें तेथें मान्य केलें, जेथें पटलें नाहीं तेथें खोडून काढलें. परदेशाची संस्कृति शिकण्याची ह्याहून निकोप रीत दुसरी नाहीं.

ह्याच मंदिरांत १९२३ च्या सुमारास पांडुरंग सदाशिव साने नांवाचा एक तरुण अभ्यासासाठीं आला. तेथील शुष्क वादांत त्याचें मन रमलें नाहीं. १९२४ च्या जूनमध्यें तो गांवांतल्याच प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाला, आणि महाराष्ट्राला साने गुरुजी मिळाले. वसतिगृहांतील मुलांसाठीं हातानें लिहिलेलें दैनिक काढणें, 'विद्यार्थी' मासिक चालविणें, जगांतील थोरांच्या कथा मुलांना सोप्या मराठींत सांगणें, हें त्यांचें कार्य १९३० सालीं सत्याग्रहासाठीं शाळा सोडीपर्यंत चाललें. तत्त्वज्ञान मंदिर आणि हायस्कूल ह्यांमधलें अंतर पायीं चालण्याएवढें. परंतु पंडितांची चर्चा आणि चौदा वर्षांच्या मुलाची समजूत ह्यांमधलें अंतर फार मोठें. तें अंतर तोडण्याचें काम शिक्षकाचें, आणि तें कसें तोडावें ह्याचा वस्तुपाठ ह्याच गांवानें दिलेला आहे.

दुसरें गांव धुळें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं येथेंच निधन झालें, आणि पुढच्याच महिन्यांत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं छापला, आणि अशा बावीस खंडांतून त्यांनीं अस्सल कागदपत्र लोकांपुढें ठेविले. गांवोगांव पायपीट करावी, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचीं वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें उतरावीं, आणि पत्राची तारीख, लिहिणारा, वाचणारा व प्रसंग हीं ठरविल्यावांचून त्यांतील एकहि विधान मानूं नये, हा त्यांचा बाणा.

ह्यांच्या आधीं दोन पिढ्या बर्लिनच्या विद्यापीठांत लिओपोल्ड फॉन रांके हेंच सांगत होता. १८२४ सालच्या पहिल्या ग्रंथांत त्यानें असें म्हटलें कीं, भूतकाळाचा न्यायनिवाडा करण्याचा आव आपण आणीत नाहीं. जें जसें घडलें तें तसें दाखवावें, एवढीच इच्छा. विद्यार्थ्यांस भोंवतीं बसवून मूळ कागद हातीं द्यावा आणि त्याची पारख करावयास लावावी, ही जी अध्यापनाची रीत आज जगभर चालते, ती त्याच्या वर्गांत रुजली. राजवाडे रांकेचे शिष्य होते असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण दोघांचा देव एकच, आणि तो म्हणजे अस्सल कागद. बर्लिनमध्येंच त्याच सुमारास हेगेल असें शिकवीत होता कीं, हिंदु लोकांना इतिहास लिहितांच येत नाहीं. ह्या आक्षेपाला नुसत्या संतापानें उत्तर मिळत नाहीं. तें राजवाड्यांच्या बावीस खंडांनीं, आणि त्यांच्यामागून धुळ्याला जमलेल्या पोथ्यांनीं व दप्तरांनीं दिलें. दहावीच्या पुस्तकांतील पहिला आणि दुसरा पाठ ह्यांच्यामध्यें शिक्षकाला उभारतां येण्याजोगा पूल हाच.

येथपर्यंतचें चित्र मनाला प्रसन्न करणारें आहे. परंतु पद्धत कितीहि शुद्ध असली तरी ती माणसाचें रक्षण करतेच असें नाहीं. ह्याची साक्ष एका मराठी विद्यार्थिनीच्या चरित्रांत सांपडते.

इरावतीबाई कर्वे ह्या महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांच्या स्नुषा. १९३० च्या आधींचीं कांहीं वर्षें त्या बर्लिनला होत्या. दालेम ह्या उपनगरांत १९२७ सालीं उघडलेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेंत, प्राध्यापक ऑयगेन फिशर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं पदवीसाठीं संशोधन केलें. मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हें वैषम्य युरोपीय लोकांत अधिक असावें आणि तें त्यांच्या अधिक विकसित बुद्धीचें लक्षण असावें, असा गुरूचा तर्क होता. तो सिद्ध करण्याचें काम शिष्येकडे आलें. पूर्व आफ्रिकेंतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याहि मोजावयाच्या होत्या. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या, आंकडे मांडले, आणि आंकडे गुरूच्या बाजूनें बोलेनात. वैषम्य सर्वच मानवांत आहे, वंशावंशांत त्याबाबत भेद दिसत नाहीं, असें त्यांनीं लिहून दिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्यांच्या हातीं त्यांच्याच मताविरुद्ध हें लिहावयाचें होतें. १९३० सालीं त्यांनीं ही पदवी मिळविली.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. १९३३ सालीं फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि त्यांची संस्था नाझींच्या वंशविषयक कायद्यांना शास्त्राचा आधार पुरवूं लागली. इरावतीबाई मायदेशीं आल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकवूं लागल्या, आणि पुढें त्यांनीं पश्चिम खानदेशांतील, म्हणजे आजच्या धुळें व नंदुरबार भागांतील भिल्लांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची पाहणी करून ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. बर्लिनमध्यें शिकलेलें मोजमापाचें शास्त्र त्यांनीं टाकून दिलें नाहीं. त्यावर उभारलेला श्रेष्ठ-कनिष्ठपणाचा डोलारा तेवढा त्यांनीं स्वीकारला नाहीं. वर्गांत सांगावयाची जर्मनीची गोष्ट ह्याहून बोलकी कोणती असेल?

मग तो समाज घसरला कसा? हिटलर आकाशांतून पडला नाहीं. पहिल्या महायुद्धांतील पराभवानंतर १९१९ सालीं जर्मनीनें लोकशाही राज्यघटना केली, स्त्रियांसहि मताधिकार दिला. पण तहाचा अपमान, १९२३ सालीं चलनाचा झालेला कागद, आणि १९२९ नंतरची मंदी ह्यांनीं लोकांचा धीर सुटला. १९३२ च्या आरंभीं बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरांत गेली. त्याच वर्षीं जुलैच्या निवडणुकींत नाझी पक्षास शेंकडा सदतीस मतें पडलीं, आणि ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर रीतसर चान्सेलर झाला. दोन महिन्यांच्या आंत लोकसभेनें आपले अधिकार आपल्याच मतानें त्याच्या हवालीं केले. एप्रिलमध्यें ज्यू नोकरांस सरकारी व विद्यापीठांच्या जागांवरून काढण्याचा कायदा झाला. १० मे रोजीं बर्लिनच्या चौकांत पुस्तकांची होळी पेटली, आणि ती पेटविण्यांत विद्यार्थीच पुढें होते. ज्या विद्यापीठांत रांकेनें अस्सल कागद जपावयास शिकविलें, त्याच्याच समोर कागद जळाला. ह्याच वाटेनें पुढें साठ लाख ज्यूंच्या संहारापर्यंत तो देश गेला.

ही वार्ता खानदेशांत पोंचविणारें तिसरें गांव म्हणजे फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन पहिल्यानेंच एका खेड्यांत भरलें, तें येथें. नंदलाल बोस ह्यांनीं बांबू आणि चटया ह्यांतून नगर सजविलें. साने गुरुजी तयारीसाठीं गांवोगांव फिरले. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. सप्टेंबर १९३५ मध्यें अल्मोड्याच्या तुरुंगांतून सुटून ते थेट जर्मनींत, बाडेनवायलर येथें आजारी पत्नीच्या भेटीस गेले होते, आणि त्याच महिन्यांत न्यूरेंबर्ग येथें ज्यूंचें नागरिकत्व हिरावणारे कायदे झाले. नाझी राज्य त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. बर्लिनमध्यें कांहीं वर्षें घालविलेले मानवेंद्रनाथ रॉय हेहि नुकतेच तुरुंगांतून सुटून फैजपुरास आले होते. पंडितजींनीं अध्यक्षीय भाषणांत केळीच्या आणि कापसाच्या ह्या मुलुखांतील शेतकऱ्यांपुढें स्पेनमधील युद्ध आणि फॅसिझमचें संकट मांडलें. हिंदी स्वातंत्र्याचा लढा आणि जगांतील हा लढा निरनिराळे नाहींत, हें त्यांचें सांगणें. पूर्व खानदेशांतील त्या बांबूच्या नगरांत हजारों माणसांनीं समकालीन युरोपाचा हा धडा ऐकला.

हा धडा सर्वांना पटला असें मात्र नाहीं. शत्रूचा शत्रु तो आपला मित्र, ह्या न्यायानें इंग्रजांवर चालून जाणाऱ्या हिटलरचें कौतुक त्या काळीं पुष्कळांना वाटे, आणि शिस्तीचा, पोलादी मनगटाचा पुढारी म्हणून तें कौतुक आजहि कोठें कोठें ऐकूं येतें. अशा वेळीं शिक्षकानें रागावूं नये. राजवाड्यांची रीत धरावी आणि मूळ कागद पुढें ठेवावा. हिटलरनें आपल्या आत्मचरित्रांतच लिहून ठेविलें आहे कीं, हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हातीं जाण्यापेक्षां तो इंग्रजांच्या सत्तेखालीं राहिलेला आपणांस अधिक पसंत आहे. हिंदी स्वातंत्र्यवाद्यांविषयीं त्यानें काढलेले उद्गार तुच्छतेचे आहेत. सुभाषबाबू १९४१ सालीं बर्लिनला गेले, तेव्हां ह्या मजकुराची बोचणी त्यांच्याहि मनांत होती; १९४२ च्या भेटींत त्यांनीं तो विषय हिटलरपुढें काढला. एवढा कागद वाचला म्हणजे पुष्कळसें कौतुक आपोआप गळून पडतें.

आणखी एक कागद वर्गांत दाखविण्याजोगा आहे. लाखों ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविण्याची व्यवस्था करणाऱ्या आइशमनवर १९६१ सालीं जेरुसलेम येथें खटला चालला. आपण आयुष्यभर कांटच्या नीतितत्त्वाप्रमाणें वागलों, असें तो न्यायाधीशांस म्हणाला! कर्तव्य म्हणजे वरिष्ठाचा हुकूम, एवढाच अर्थ त्यानें घेतला होता. स्वतःच्या बुद्धीनें विचार करण्याचें धाडस करा, आणि माणसाला केवळ साधन म्हणून कधींहि वापरूं नका, हें जें कांटचें सार, तेंच त्यानें गाळलें. अमळनेरच्या पंडितांनीं ज्याच्याशीं समानतेनें वाद घातला, त्याला ह्यानें हुकमाची मोहोर करून टाकलें. थोर ग्रंथ घरांत असणें आणि ते समजणें ह्यांत किती अंतर आहे, हें ह्यावरून मुलांस कळावें.

परंतु गोष्ट येथें थांबविली तर जर्मनीवर अन्याय होईल, आणि मुलांच्या हातीं केवळ तिटकारा राहील. १९४५ सालीं भस्म झालेला हा देश १९४९ सालीं दोन राज्यांत विभागला गेला. त्यांपैकीं पश्चिम जर्मनीनें जी घटना केली, तिचें पहिलेंच कलम मनुष्याची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे असें सांगतें. आणि हें कलम संसदेसहि रद्द करतां येत नाहीं. तरीहि समाजाचें तोंड उघडावयास वेळ लागला. आउशविट्झच्या छावणींतील अधिकाऱ्यांवर फ्रांकफुर्टला खटला चालला तो १९६३ ते १९६५ ह्या काळांत. तोंवर पुष्कळ घरांत बाप काय करीत होता हें मुलगा विचारीत नसे. १९७० सालीं चान्सेलर विली ब्रांट वॉर्सा येथील स्मारकापुढें गुडघे टेकून उभा राहिला. भिंत १९८९ सालीं पडली, १९९० सालीं देश एक झाला. आज तेथील शहरांत घरांच्या दारांशीं लहान पितळी फरशा बसविलेल्या दिसतात. त्या घरांतून कोणाला उचलून नेलें, त्याचें नांव आणि सालें त्यांवर कोरलेलीं असतात. आपल्या पापाची आठवण पायाशीं ठेवून चालणें, ही त्या समाजाची नवी संस्कृति. ती पूर्ण झाली आहे असें नव्हे. १९६१ च्या करारानें कामासाठीं बोलावलेल्या तुर्की लोकांस आपलें म्हणावयास त्या समाजाला फार वर्षें लागलीं, आणि परक्यांविषयींचा द्वेष तेथेंहि पुन्हां पुन्हां डोकें वर काढतो.

ह्या धडपडींतून जर्मन शिक्षकांनीं आपल्यासाठीं एक नियमहि घालून घेतला. १९७६ सालीं स्टुटगार्टजवळच्या बॉयटल्सबाख ह्या गांवीं निरनिराळ्या मतांचे शिक्षणतज्ज्ञ जमले, आणि त्यांच्या चर्चेंतून नागरिकशास्त्राच्या अध्यापनाचीं तीन सूत्रें निघालीं. शिक्षकानें आपलें मत विद्यार्थ्यावर लादूं नये. जें विद्वानांत व समाजांत वादग्रस्त आहे, तें वर्गांतहि वादग्रस्त म्हणूनच मांडावें. आणि विद्यार्थ्याला आपल्या स्वतःच्या परिस्थितीचा विचार करण्याचें सामर्थ्य यावें. जेथें एकदां शाळांनीं एकाच माणसाचा जयजयकार शिकविला, तेथें हीं सूत्रें किती किंमत देऊन मिळाली असतील, ह्याची कल्पना येते.

आतां हा सारा विषय खानदेशला पूर्वीसारखा दूरचा राहिलेला नाहीं. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें बाडेन-वुर्टेम्बेर्ग ह्या जर्मन राज्याशीं करार केला. कुशल कामगार, परिचारिका व तंत्रज्ञ तेथें पाठवावेत, आणि त्यासाठीं त्यांना जर्मन भाषा शिकवावी, असा त्याचा उद्देश. हें तेंच राज्य कीं, ज्याच्या राजधानींत, स्टुटगार्टमध्यें, हेगेल जन्मला; ज्यांतील बाडेनवायलरला पंडितजी पत्नीच्या उशाशीं बसले; आणि ज्यांतील बॉयटल्सबाखला ती तीन सूत्रें ठरलीं. जळगांवची एखादी मुलगी उद्यां तेथील रुग्णालयांत वृद्धांची शुश्रूषा करील. तिला भाषेचें व्याकरण येईल, वेतनाचा आंकडाहि पाठ असेल. परंतु तेथील म्हातारा एखाद्या प्रश्नाला एकाएकी गप्प कां होतो, दारापुढची पितळी फरशी कशासाठीं आहे, हें तिला कोण सांगणार? तें सांगण्याची जागा सामाजिक शास्त्रांचा वर्ग हीच आहे.

त्यासाठीं नव्या इमारतीची किंवा महाग साधनांची जरूर नाहीं. एक तास अमळनेरच्या मंदिराचा, एक धुळ्याच्या दप्तरांचा, एक फैजपूरच्या भाषणाचा, आणि एक दालेमच्या त्या खोलीचा, जेथें एका मराठी विद्यार्थिनीनें गुरूच्या मतापेक्षां हातांतल्या मोजपट्टीवर विश्वास ठेवला. ह्या चार तासांनंतर मुलांस पुन्हां तोच प्रश्न करावा. जर्मनी म्हटल्यावर हिटलरचें नांव तेव्हांहि निघेल, आणि निघालेंच पाहिजे. फक्त त्यापुढें वर्ग थांबूं नये, एवढेंच शिक्षकानें पाहावयाचें.